केळीच्या चिकाचा अंगठा

हेलनला एम.ए.च्या प्रकल्पासाठी दीडशे फॉर्म भरून हवे होते. विषय भारदस्त होता: विद्यार्थ्यांचं इंटरनेटचं वेड आणि त्यांची तब्येत. ‘नाव लिहू नका, म्हणजे खरं लिहाल,’ असं तिनं वर्गावर्गात ऐटीत सांगितलं होतं. आपल्या या हुशारीवर बाईसाहेब भलत्याच खूश होत्या.

गुरुवारी दुपारी कॉलेजच्या लायब्ररीत ती फॉर्म तपासायला बसली. बहुतेकांनी काहीबाही ठोकून दिलं होतं. एका फॉर्मवर मात्र तिचं पेन थांबलं. झोप लागते का? नाही. भूक लागते का? नाही. नेटवर रोज किती तास? अकरा. शेवटचा प्रश्न होता, ‘जगणं नकोसं वाटतं का?’ तिथं ‘नेहमी’वर इतकी दाबून खूण केली होती की कागद फाटला होता.

खाली तपकिरी अंगठा उमटला होता. तो केळीचा चीक होता. कपड्यावर पडला तर जन्मात न जाणारा तो डाग नंदाखाल गावात, केळीच्या वाड्यांत वाढलेल्या पोरीला कुणी दाखवून द्यायला नको. अंगठ्याच्या मधोमध एक आडवी रेघ होती. केविनला लहानपणी तिथं कोयता लागला होता, आणि तोही तिच्याच हातून.

फॉर्म मुठीत धरून ती उठली.

केविन तिचा पाठचा भाऊ, याच कॉलेजात टी.वाय.ला. वर्षापूर्वी घरात कॉम्प्युटर आला आणि पोरगा त्यात बुडाला. जेवायला हाक मारली तर वसकन अंगावर यायचा. तो नेटवर असला की घरचा फोन एंगेज, म्हणून आई रोज तोंडसुख घ्यायची आणि हेलन तिची री ओढायची. पण त्याला होतंय काय, हे कुणी विचारलं नव्हतं. आता आईबाबा कामावर होते आणि तो घरी एकटा.

ती पीसीओकडे धावली. फोन एंगेज लागला. तो टूं-टूं आवाज आयुष्यात पहिल्यांदाच तिला गोड वाटला. नेटवर आहे म्हणजे जिवंत आहे! तिनं पुन्हा नंबर फिरवला. या वेळी घंटा वाजू लागली. वाजतच राहिली. कुणी उचलेना.

तिनं धावतच रिक्षा पकडली. रिक्षात ती प्रार्थना म्हणायला गेली, तर रोजचे शब्दही आठवेनात.

घराचं दार सताड उघडं होतं. कॉम्प्युटर बंद. ती मागच्या दारानं बावखलाकडे पळाली. घरामागच्या केळीच्या वाडीला पाणी देणारं ते तळं चांगलं दोन पुरुष खोल होतं. काठावर केविनच्या चपला होत्या.

“केविन!” ती किंचाळली.

“इथं आहे मी,” केळींतून आवाज आला.

तो एका बुंध्याला टेकून बसला होता. भर उन्हात त्याला इतक्या जवळून तिनं कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. गाल बसलेले, डोळे खोल गेलेले. तिनं त्याला घट्ट धरलं आणि ती ढसाढसा रडू लागली.

“फोन का नाही उचललास रे? जीव गेला असता माझा!”

“तू नाव लिहू नका म्हणालीस,” तो हळूच म्हणाला. “म्हणून मुद्दाम वाडीत येऊन अंगठा लावला. तुला कळेल वाटलं.”

“कळलं ना. कळल्याबरोबर आले.”

“फॉर्म मी सोमवारी दिला होता, हेलन.”

सोमवारपासून तो गठ्ठा तिच्या पिशवीत होता, आणि पिशवी रोज जेवणाच्या टेबलावर, केविनच्या ताटाशेजारी.