रांगेत चावणारे पाहुणे

आमच्या ह्यांचं गाद्यांचं दुकान. गिऱ्हाइकाची जुनी गादी घ्यायची, कापूस पिंजून नवी करून द्यायची. पण गादी उसवण्याआधी हे मागच्या अंधाऱ्या खोलीत तिच्यावर चांगली झोप काढतात. कापूस कुठे दबलाय ते पाठीला कळतं म्हणे. पाठीला काय कळतं देव जाणे, घोरणं मात्र शेजारच्या न्हाव्याला ऐकू जातं.

काल लॉजच्या मालकीणबाईंनी नमुन्याला एक गादी पाठवली. अख्ख्या लॉजच्या गाद्या नव्या करायच्या होत्या. हे काम हातचं गेलं असतं तर दुकानाला कुलूप लावायची वेळ आली असती, म्हणून हे त्या गादीवर जरा जास्तच मन लावून झोपले.

आज सकाळी उठले ते खाजवतच. आधी डासांच्या नावाने खडे फोडले, मग रात्री जेवणात खाल्लेल्या अंड्यांच्या. मी हात उजेडात धरला. कोपराखाली तीन लाल चट्टे, एका ओळीत. मानेवर आणखी तीन.

"डास असे पंगतीला बसत नाहीत. हे ढेकूण आहेत," मी म्हटलं.

गादीवाल्याला ढेकूण चावले, या अपमानाने ह्यांचं तोंड एवढंसं झालं. मी गादीची शिवण उलटली. काळे ठिपके आणि पोट भरून सुस्तावलेला एक ढेकूण. गादी प्लास्टिकमध्ये घट्ट बांधली, ह्यांचे कपडे उकळत्या पाण्यात टाकले, चट्टे साबणाने धुऊन गार पाण्याची पट्टी ठेवली आणि नखं लावलीत तर याद राखा म्हणून दम भरला.

तेवढ्यात मालकीणबाई हजर. हे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले आणि परीक्षेला बसल्यासारखे घामाघूम झाले. बाईंची नजर मानेवर गेली. हे तर ढेकूण चावलेत, असल्या दुकानात मी माझ्या गाद्या देणार नाही, असं म्हणत त्या उठल्याच. ह्यांनी पुन्हा अंड्यांचं काढलं. माझं डोकं फिरलं. चूक त्यांची आणि तोरा आम्हाला?

"बाई, ढेकूण तुमच्याच गादीतले आहेत. आणि तुम्ही ते इतक्या पटकन ओळखले कसे?"

बाई मटकन बसल्या. मग हळूच बाही वर सारली. चार चट्टे, शिस्तीत.

हे खूश झाले. कोणी विचारलं नसताना पट्टी कशी ठेवायची ते सांगू लागले, जणू मला अक्कल ह्यांनीच शिकवली. मी बजावलं, आधी खोल्यांमधले ढेकूण मारणाऱ्यांना बोलवा, खाटांच्या फटी साफ करून घ्या, मगच गाद्यांचं बघू.

बाईंनी मान डोलावली. दारापर्यंत जाऊन वळल्या आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "हे कुणाला सांगणार नाही ना?"

"तुम्ही गाद्या कुणाकडे देता, त्यावर आहे," मी म्हटलं.