लाल डब्यांचं गिऱ्हाईक

शेवटची लाल डबी खोक्यात बसेना म्हणून गोरखनं ती उभी घालून पाहिली, आडवी घालून पाहिली, आणि मग सगळ्याच डब्या बाहेर काढून पुन्हा पहिल्यापासून रचायला घेतल्या. चाळीस सिनेमे आणि एक प्लेअर. लोणावळ्याच्या बाजारात दोन चिक्कीवाल्यांच्या मध्ये चेपून बसलेल्या त्याच्या दुकानातून एवढा माल एका दमात कधीच बाहेर पडला नव्हता. अकरा वाजता तुंगार्लीच्या एका बंगल्यावर पोचायचं होतं. तेवढ्यात पुण्याहून अतुलशेठचा फोन आला.

अतुलशेठ घाऊक माल पुरवायचे. एरवी ते आधी बायकोपोरांची चौकशी करत. आज सरळ मुद्द्यावर आले.

"गोरख, लाल बंद होतंय. कंपनीनंच हात टेकले. दोन-चार दिवसांत जाहीर होईल, पण आमच्याकडे निरोप आलाय."

"बंद म्हणजे?"

"म्हणजे नवे सिनेमे नाहीत, नवे प्लेअर नाहीत. अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांनी तर फळीवरून उतरवलंसुद्धा. आता सगळीकडे निळं."

"माझ्याकडं दुकानभर लाल आहे, शेठ. परत घ्या."

"कंपनी माझं घेईना, मी तुझं कुठून घेऊ? कोणी गिऱ्हाईक असेल तर आजच काढून टाक. चार दिवसांनी कुत्रं विचारणार नाही."

फोन बंद झाला तरी गोरख तो कानाला लावून उभा राहिला.

तसं पाहिलं तर त्याचं फार चुकलं नव्हतं. आदल्या दिवाळीत, म्हणजे दोन हजार सातच्या, हे नवे सिनेमे त्याच्याकडे आले तेव्हा दोन जाती होत्या. एचडी डीव्हीडी लाल डबीत, ब्लू-रे निळ्या डबीत. सिनेमा तोच, चित्र तेवढंच लख्ख, पण एकाची सीडी दुसऱ्याच्या मशीनला चालायची नाही. दुकानात एकच मांडणी मावत होती. बायको, प्रतीक्षा, म्हणाली होती की दोन्ही थोडे थोडे ठेवा. गोरखनं लाल भरलं. लाल प्लेअर स्वस्त होता, आणि नावातच डीव्हीडी होतं. शनिवार-रविवारी येणारी बंगलेवाली माणसं ओळखीचं नाव उचलतील, असा त्याचा हिशेब. हिशेब पक्का होता, फक्त उरलेल्या जगानं तो वेगळा केला. दर शनिवारी कोणीतरी दारातूनच विचारी, "ब्लू-रे आहे का?" गोरख नाही म्हणे, आणि गिऱ्हाईक शेजारी जाऊन चिक्की घेई.

आता तो चिक्कीवालाच मधली भिंत पाडून हा गाळा घ्यायला टपला होता. थकलेलं भाडं भरायला गाळ्याच्या मालकानं मार्चपर्यंतची मुदत दिली होती. तुंगार्लीचा हा माल गेला, तर दुकान दिवाळीपर्यंत तरी तगणार होतं. नाही गेला, तर पुन्हा कोणाच्या तरी कंपनीच्या दारात पाळीच्या कामासाठी उभं राहायचं. तेही चाळिशीला आल्यावर.

त्यानं डब्या भराभर खोक्यात कोंबल्या आणि रिक्षा बोलावली.

हे गिऱ्हाईक मिळवून दिलं होतं त्याच्या सासऱ्यानं. नथूमामा मूळचे वराळ्याचे, पण बावीस वर्षं तुंगार्लीच्या त्या बंगल्याची राखण करत होते. सासू मुक्ताबाई, ज्यांना गोरख आत्या म्हणे, आणि ते मागच्या खोलीत राहत. वराळ्याच्या घरात आता पुतण्यांचे संसार होते, तिथं परतून जायला जागा नव्हती. तुंगार्लीच्या त्या आळीत एक रीत होती. मालक मंडळी मुंबईला, त्यामुळे प्लंबर असो, गवंडी असो, राखणदार ज्याला आणेल तोच आत. 'नथूचा माणूस' एवढं म्हटलं की पुढं कोणी काही विचारत नसे. आणि काम बिघडलं, तर जाब नथूलाच. म्हणून मामांनी बावीस वर्षांत स्वतःच्या नात्यातलं माणूस कधी पुढं केलं नव्हतं. या वेळी गोरखनं तोंड उघडलं नव्हतं तरी त्यांनीच निरोप धाडला होता.

रिक्षात बसताना गोरखनं ठरवलं, बंगल्याच्या मालकीणबाईंना, अनिता मॅडमना, सगळं खरं सांगायचं. चढ लागला तेव्हा ठरवलं, आधी चित्र दाखवू, मग सांगू. फाटक दिसलं तेव्हा त्यानं काहीच ठरवलेलं नव्हतं.

मामांनी पुढं होऊन खोकं हातातून घेतलं.

"मामा, जड आहे. असू द्या."

"जावयानं वझं उचलायचं आन सासऱ्यानं बगत ऱ्हायचं व्हय?" म्हणत ते पायऱ्या चढूनसुद्धा गेले.

दिवाणखान्यात सिनेमाच्या पडद्याएवढा टीव्ही होता. गोरखनं वायरी जोडल्या, सीडी घातली. समुद्राच्या तळाचा सिनेमा होता. माशाच्या अंगावरचा खवला न् खवला दिसायला लागला, तशी अनिता मॅडम चहाचा कप हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"सुंदर," त्या म्हणाल्या. "आज संध्याकाळी सगळे येणारेत, खूश होतील. पण एक विचारू? आमचे एक मित्र म्हणत होते, या दोन प्रकारांचं काहीतरी भांडण चाललंय. मला त्यातलं काही कळत नाही. हे पुढे चालेल ना?"

आता बोललं तर दुकान गेलं, हे गोरखला लख्ख दिसत होतं.

"चित्र तर समोरच आहे, मॅडम," तो म्हणाला.

हे खोटं नव्हतं. खोट्यापेक्षा वाईट होतं, आणि ते त्याला बोलताबोलताच कळलं. त्यानं मान खाली घालून वायरी नीट करायला घेतल्या. त्या नीटच होत्या.

मॅडम दाराकडे वळल्या. "नथू, तू सांग. जावई तुझा. घ्यायचं ना हे?"

मामा उंबऱ्याशी उभे होते. त्यांनी खोक्यातल्या लाल डब्यांकडे पाहिलं.

"घ्या, बाईसायब," ते म्हणाले. "माजी जबाबदारी."

"मग झालं तर." मॅडमनी चेकबुक मागवलं. "नथूनं आणलेला माणूस आजवर कधी फसवा निघाला नाही."

बाहेर आल्यावर गोरखला मोकळं वाटायला हवं होतं. क्षणभर वाटलंही. दुकान वाचलं, प्रतीक्षाला आत्ताच फोन करावा, असं मनात येऊन गेलं. मग मॅडमचं शेवटचं वाक्य आठवलं आणि त्याला स्वतःची शिसारी आली. मामा त्याला फाटकापर्यंत पोचवायला आले होते. दोघं फाटकाबाहेर थांबले.

"मामा, तुमाला एक सांगायचं व्हतं."

"सांगू नगा."

"तसं न्हाई, मामा. त्या लाल..."

"ठावं हाय." मामांनी शेजारच्या बंगल्याकडं हात केला. "तितला राखणदार जानू हाय न्हवं? त्याच्या मालकानं परवा असलंच मशीन त्याला देऊन टाकलं. डब्यांसकट. म्हनला, ह्याच्या सीड्या आता कुटं मिळायच्या न्हाईत, तू ने घरी. जानूनं मला दावलं. ह्याच लाल डब्या."

गोरखच्या कानांत गरम वारं शिरल्यासारखं झालं.

"मग तुमी घ्या का म्हनला?"

मामांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"परतीक्षा बुदवारी आलती. काय बोलली न्हाई. मागं पायरीवर बसली आन रडली. लगीन झाल्याला चौदा वरसं झाली, गोरखराव. माज्याम्होरं कदी रडली न्हवती."

प्रतीक्षा बुधवारी माहेरी गेली होती हे गोरखला माहीतच नव्हतं.

"आन बाईसायबांना कळंल तवा?"

"कळंल तवा कळंल. तवर तुमी दुकानात निळ्या आना."

"तुमाला कामावर ठेवतील का त्या? आत्या कुटं जातील?"

मामा आत वळले, फाटक ओढून घेतलं आणि आतून कडी घातली.

"जावा आता," ते गजांमधून म्हणाले. "शनवार हाय. दुकान उगडा."

गोरखनं खिशातून चेक काढला. घडी उलगडली, पुन्हा घातली. खाली बाजारातलं दुकान, मांडणीवरच्या उरलेल्या लाल डब्या, पायरीवर बसून रडणारी प्रतीक्षा, सगळं एकदमच डोळ्यांपुढं आलं, आणि त्यातलं काय सोडायचं ते त्याला कळेना. मग त्यानं फाटकाचा गज धरला.

"मामा, कडी काडा. मी बाईंना सांगून येतो."

मामा नळाशी गेले होते. त्यांनी नळ सोडला, पाइप उचलला आणि फाटकाकडं पाठ करून जास्वंदीला पाणी घालायला लागले.

"मामा, तुमाला ऐकू येतंय. उगडा."

पाणी चालूच राहिलं. गोरखनं फाटक हलवलं. लोखंडाचा आवाज घरापर्यंत गेला असावा, कारण वरच्या गॅलरीतून मॅडमची हाक आली.

"नथू, कोण आहे रे फाटकाशी?"

मामांनी मान वळवली नाही.

"कोन न्हाई, बाईसायब."

गोरखनं पुन्हा फाटक वाजवलं. या वेळी दोन्ही हातांनी.