बोटीचं बूच

पट्ट्याला एक पीळ द्यायचा असतो. सपाट पट्टा वाऱ्यात थरथरतो आणि गुणगुणतो. एकच पीळ दिला की गप्प होतो. गाडीच्या उजव्या आरशात मार्नाला मागच्या ट्रेलरवरच्या बोटीवरून आवळलेला निळा पट्टा दिसत होता. ताशी पन्नास मैलांपर्यंत तो स्थिर असे, पंचावन्नला त्याच्या कडा धूसर होत, आणि साठला बंद काचांतूनही मधमाशीसारखा सूर आत येई. तिचा नवरा आर्डेन दरवर्षी न चुकता पीळ द्यायचा. या वेळी घाईत विसरला होता. मिनेसोटातलं घर सोडल्यापासून मार्ना ते पाहत होती आणि बोलत नव्हती. बोलायला सुरुवात केली तर पट्ट्यापाशीच थांबता येईल, याची तिला खात्री नव्हती.

एरवी ही बोट घरापासून तळ्यापर्यंत जायची आणि संध्याकाळी परत यायची. आता ती कायमची मोंटानाला निघाली होती. तिथल्या मोठ्या सरोवराकाठी आर्डेनच्या मित्राचं गळ आणि आमिषांचं दुकान होतं; आर्डेन त्यात भागीदार होणार होता. बोट आणि थोडं सामान आधी पोचवायचं, घर बघायचं, बाकीचं उन्हाळा संपेपर्यंत. कारखाना बंद पडल्यापासून हा माणूस खुर्चीत बसून होता. दुकानाचं ठरलं आणि तो पुन्हा रोज दाढी करायला लागला. त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं, की मला यायचं नाही? शहराच्या पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या नोकरीत तिचं मन होतं, आणि घरही तिने मनातून कधी सोडलं नव्हतं. नाताळ होऊ दे, मग सांगू, असं तिने ठरवलं. मग बर्फ वितळू दे. मग लेकीची, ब्रिटाची शाळा संपू दे.

दुपारी एका गावात आर्डेन जेवायला म्हणून एका हॉटेलच्या आवारात शिरला. आवाराला दुसरीकडून वाट नव्हती. मागे ट्रेलर असला की गाडी माणसाची राहत नाही. मागे घेताना चाक डावीकडे फिरवलं की तो उजवीकडे जातो, आणि थोडं चुकलं की दोन्ही मिळून कात्रीसारखे मिटतात. मार्ना मागे उभी राहून हातवारे करत होती. आर्डेनला ते आरशात दिसत नव्हते, आणि दिसले की उलटे कळत होते. खिडकीतून बर्गर खात बसलेले लोक मजा बघत होते.

"चालू द्या तुमचं," ब्रिटा मागच्या सीटवरून म्हणाली. "मी या गावातली शाळा बघून ठेवते."

आर्डेन खदखदून हसला. मार्नाही हसली. बऱ्याच खटपटीनंतर ते बाहेर पडले, आणि गाडी पुन्हा पश्चिमेकडे लागली. ब्रिटाने कानात इअरफोन घातले. पट्टा गुणगुणत राहिला.

मोंटानाच्या हद्दीत शिरल्यावर बोट तपासणीचा नाका लागला. बोट घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाने तिथे थांबायचंच. नारिंगी जाकीट घातलेली एक बाई आली, बोटीच्या बुडावरून तळवा फिरवत मागे गेली आणि तिथेच वाकून थांबली.

"बुडातल्या भोकाला बूच लावलेलं आहे," ती म्हणाली.

आर्डेनचा चेहरा उतरला. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात त्याने मार्नाच्या सगळ्या माहेरासमोर बोट बूच न लावता पाण्यात सोडली होती. ती काठावरच भरली. तिचे भाऊ त्याला अजून 'बूच' म्हणतात. तेव्हापासून तो घरातून निघतानाच ते घट्ट बसवत असे. पण प्रवासात बूच काढलेलं लागतं, म्हणजे आधीच्या तळ्याचं पाणी रस्त्यातच वाहून जातं आणि नव्या तळ्यात पोचत नाही.

बाईने बूच फिरवून काढलं. तपकिरी पाण्याची धार डांबरावर पडली, सोबत शेवाळाची एक दोरी.

"थेंबभर तर आहे," आर्डेन म्हणाला. "मार्ना, सांग ना गं यांना. तू पाण्यातली माणूस, तुझं ऐकतील."

मार्ना गाडीतून उतरली. असल्या थेंबात काय असतं ते तिने रोज भिंगाखाली पाहिलं होतं.

"आमच्या तळ्यात ते बाहेरून आलेले शिंपले आहेत, जातील तिथलं सगळं पाणी व्यापणारे," ती म्हणाली. "त्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत. बोट धुवावीच लागेल."

आर्डेनने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिचे भाऊच समोर उभे होते.

बाईने मान डोलावली. कढत पाण्याने धुऊ, मग सील लावू, काही दिवस बोट पाण्यात उतरवता येणार नाही, असं तिने समजावलं. मग सगळ्यांना विचारतात तेच विचारलं: पुढे कुठल्या पाण्यात उतरवणार, आणि नंतर घरी परत नेणार की इथेच ठेवणार?

"इथेच," आर्डेन म्हणाला. "आम्ही राहायलाच आलोय. सगळे. हो ना, मार्ना?"

गरम पाण्याचा पंप सुरू झाला. ब्रिटाने इअरफोन काढले. पुढे नाका होता, मागे ट्रेलर, आणि ती बाई उत्तराची वाट बघत उभी होती.

"बोट इथे राहील," मार्ना म्हणाली. "आर्डेन राहील. मी नाही राहणार. मी घरी परत जाणार आहे, आर्डेन, आणि तिथेच राहणार आहे."