एकवीस रकाने

आषाढी एकादशीला मी नेम धरला. चातुर्मासभर, उठल्यापासून दुपारचा नैवेद्य होईपर्यंत मौन.

अजमानमध्ये आमचं डब्यांचं किचन आहे. रोज चाळीस-पंचेचाळीस डबे निघतात, काही शारजाला, काही थेट दुबईत इंटरनॅशनल सिटीला. ऑर्डरी येतात फोनवर, सकाळी सात ते नऊ. म्हणजे नेमक्या माझ्या मौनात.

किचनचं लायसन्स यतीन भावजींच्या नावावर. माझे धाकटे दीर, दुबईत मार्केटिंगमध्ये आहेत. त्यांना हे कळलं तशी संध्याकाळी आलेच.

"वहिनी, देवाला बारानंतर वेळ नसतो का?"

"देवाला असतो हो. बडबड माझी सकाळीच जास्त होते, ती मोडायचीय."

"आणि कस्टमरनं बोलायचं कुणाशी? हलिमाशी?"

किचनमधली माझी मदतनीस हलिमा कणीक मळत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मेरेको मत फसाओ, भाईजान."

"वेबसाइटवर फॉर्म लावू या," मी म्हटलं. "लोक भरतील, मी वाचेन. मौन जिभेचं आहे, डोळ्यांचं नाही."

भावजी हसले. "ठीक. फॉर्म मी करून देतो. सोमवार ते शुक्रवार, एक आठवडा. शेवटच्या दिवशी, शुक्रवारी, त्या एका सकाळी नऊपर्यंत चाळीस ऑर्डरी फॉर्मवरून आल्या नाहीत, तर शनिवारी सात वाजता फोन तुमच्या कानाला. नेमबीम खलास."

आमचे हे फुजैराला बंदरावर नोकरीला, शनिवार-रविवार तेवढे घरी. त्यांना विचारलं तर म्हणाले, "तुम्ही दोघं ठरवा." ठरलं.

सोमवारी फॉर्म आला. एकवीस रकाने. नाव, आडनाव, ईमेल, जन्मतारीख, कंपनी, हुद्दा, पत्त्याचेच चार, पिन कोड, आमच्याबद्दल कुठे ऐकलंत... डबा किती वाजता हवा, हे सतरावं. आणि सगळ्यांपुढे लाल चांदणी, म्हणजे भरल्याशिवाय सुटका नाही.

त्या दिवशी फॉर्मवरून ऑर्डरी आल्या नऊ. उरलेल्या वेळात फोन वाजत राहिला. हलिमा दर वेळी विचारी, "दीदी, उठाऊँ?" मी नकाराची मान हलवी. त्या दिवशी तीसेक डब्यांची भाजी उरली. दुपारी खालच्या कामगारांना वाटली. रात्री गोड लागेना काही.

पर्णिका, माझी लेक, सुट्टीत घरीच होती. तिनं लॅपटॉपवर फॉर्मची मागची बाजू दाखवली आणि रकाना कसा काढायचा, कसा घालायचा तेही. "लुक, आई. बावन्न लोकांनी उघडला. मोस्ट ऑफ देम क्विट हिअर."

हिअर म्हणजे पिन कोडपाशी. आता इथे पिन कोड असतो कुठे? नऊ जणांनी भरला होता, त्यांतल्या काहींनी नुसती शून्यं टाकली होती. एकानं चक्क साताऱ्याचा टाकला होता.

मंगळवारी भावजी ऑफिसला जाता जाता साडेसातलाच हजर. फोन वाजलाच. त्यांनी उचलला आणि मला ऐकू जावं म्हणून स्पीकर लावला.

"मावशी, अनिल बोलतोय, इंटरनॅशनल सिटीतून. फॉर्म भरला हो मी, पण बटण दाबलं तर पान नुसतं पांढरं झालं. पोचला का?"

"पोचला, पोचला," भावजींनी फोन ठेवला. "बघा! लोकांना आवाज लागतो, वहिनी. मशिनला कोण विचारतंय?"

मला दुसरंच ऐकू आलं. फोनवर ऑर्डर घेतली की शेवटी मी म्हणायचे, "लिहून घेतलं हं." एवढंच अनिलला हवं होतं.

मी हात पुसले. लॅपटॉप ओढून घेतला. आणि पिन कोड काढून टाकला.

"अहो, काय करताय?"

हुद्दा काढला. कंपनी काढली.

"वहिनी, टेम्प्लेट आहे ते! विचार करून केलंय!"

ईमेल गेला.

"जन्मतारीख राहू द्या. वाढदिवसाला ऑफर पाठवता येते. ऐकताय ना? हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा!"

"काका, शी इज ऑन सायलेंट," पर्णिका टोस्ट खात म्हणाली. "नॉट इव्हन व्हायब्रेट."

जन्मतारीख गेली. पत्त्याचे चारही रकाने गेले. इतक्या वर्षांत फोनवर मला कुणी पत्ता सांगितलाच नव्हता. निळ्या बकाल्याशेजारचा, म्हणजे किराणा दुकानाशेजारचा दरवाजा, वॉचमनकडे द्या, असंच सांगतात. त्या जागी एकच मोठा रकाना केला: डबा कुठे ठेवू?

सगळे मिळून पाच राहिले. नाव, मोबाइल, किती डबे, डबा कुठे ठेवू, आणि शेवटचा मी नवा घातला: आज काय खात नाही?

"आज कशाला?" भावजी खांद्यावरून वाकून म्हणाले. "व्हेज की नॉनव्हेज, संपलं ना?"

माझ्याकडे किती जण कुठल्या वारी काय सोडतात, हे त्यांना काय माहीत? 'आज' तसंच ठेवलं. लाल चांदण्या पुसल्या. बटणावर लिहिलं, 'डबा पाठवा'. दाबल्यावर दिसेल असं लिहिलं: 'लिहून घेतलं हं. साडेबारापर्यंत डबा येईल. शोभना.'

भावजी निघाले. लिफ्टचं बटण चार वेळा दाबलं.

बुधवारी चोवीस आल्या. गुरुवारी पस्तीस. शेवटच्या रकान्यात काय काय येऊ लागलं. 'कांदा-लसूण.' 'वांगं, कार्तिकीपर्यंत.' 'डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलंय.' एका मुलीनं लिहिलं होतं, 'काकू, आज सगळं खाते, दोन पोळ्या जास्त घाला.' घातल्या.

शुक्रवारी बरीच ऑफिसं अर्धा दिवस, डबे कमीच जातात. पावणेनऊला तेहतीस झाल्या होत्या. मी तव्यापुढे, पर्णिका लॅपटॉपपुढे. हलिमानं दोनदा फोन उचलून बघितला, चार्जिंग संपलं की काय म्हणून. फोन चालू होता, वाजत नव्हता. नऊला दोन मिनिटं असताना पर्णिका ओरडली, "फॉर्टी वन!"

पोळी करपली. ती मी बाजूला ठेवली, माझ्यासाठी.

बाराला नैवेद्याचं ताट वाढत होते तोच भावजी अर्ध्या दिवसाचे सुटून आले.

"एक्केचाळीस. मानलं, वहिनी. नेम चालू द्या." ते देवघराच्या दाराशी टेकले. "आता लोक येतायत, तर सोमवारपासून आपले काढलेले प्रश्न परत लावू. डेटा मिळतो, हळूहळू पुढे उपयोगी पडतो. जन्मतारीख तरी? बोला ना. हो की नाही?"

मी ताटाभोवती पाणी फिरवलं, घंटा वाजवली, नमस्कार केला. मग वळले.

"नाही."

"अहो, पण..."

"जे विचारून डब्यात काही बदलत नाही, ते मी कुणाला विचारणार नाही, भावजी. लायसन्स तुमचं आहे. भरणारी माणसं माझी आहेत."

त्यांची नजर ओट्यावरच्या कढईकडे गेली. "बरं, जेवायला काय आहे?"

"पाचच रकाने आहेत," मी लॅपटॉप त्यांच्याकडे सरकवला. "भरा."