मुदतीआधीचा बोजा

‘घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून’ ही म्हण ज्याने रचली, त्याने दोन्ही एकाच वर्षी करून पाहिलेलं नसणार. पाहिलं असतं तर म्हण रचण्याइतकं त्राण त्याच्यात उरलं नसतं.

कवळीवाल्यांच्या घरात मात्र दोन्ही एकदमच निघालं होतं. कवळीवाले हे त्यांचं आडनाव नव्हे, धंदा. एका दातांच्या डॉक्टरच्या दवाखान्यात, आतल्या खोलीत बसून ते लोकांच्या कवळ्या बनवायचे. गावातली निम्मी म्हातारी माणसं त्यांच्या कृपेने हसत होती. उरलेली निम्मी, कवळी टोचते म्हणून त्यांच्या नावाने बोटं मोडत होती. राहतं घर कर्जाचं. कर्जाची मुदत त्यांच्या निवृत्तीच्या कितीतरी पुढे गेलेली. म्हणजे एक दिवस हात थरथरणार, हप्ता मात्र ठाम राहणार. म्हणून त्यांनी पण केला होता, की निवृत्तीआधी कर्ज फेडायचं आणि घराच्या कागदांवरून बँकेचं नाव पुसायचं.

बायकोचाही एक पण होता. मुलीच्या लग्नाचा. तिचं खातं वेगळं, ह्यांचं वेगळं, आणि महिनाअखेरीला उरलेले चार पैसे कुणाच्या खात्यात जायचे यावरून दोघांत जे चालायचं त्याला ते दोघं ‘चर्चा’ म्हणत. शेजारी वेगळं म्हणत.

“अहो, भिंतींचं लग्न लावायचंय का तुम्हाला?” बायको विचारी.

“भिंती कुठे पळून जातायत?”

“पोरगीही कुठे पळून जात नाहीये. गेली असती तर दोन्ही खाती वाचली असती.”

पोरगी लिफ्ट दुरुस्त करायची. नवरा तिने स्वतःच शोधला होता. शोधला म्हणजे, दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लिफ्टमधून बाहेर काढला होता. त्यामुळे तो पहिल्यापासूनच तिच्या उपकाराखाली होता, आणि तिला ते सोयीचं वाटत होतं. दोघांना साधं नोंदणी लग्न हवं होतं. पण मुलाच्या आईला तीनशे माणसं हवी होती. ही बाई शाळेत भाषा शिकवून निवृत्त झालेली. शाळा सुटली तरी आवाज सुटला नव्हता. तीनशे म्हटल्यावर तीनशे. खर्च दोन्ही घरांनी निम्मा निम्मा. कवळीवाल्यांनी हॉलच्या भाड्याचा आकडा ऐकला आणि त्यांच्या डोळ्यांपुढे कर्जाची मुदत पुन्हा ताठ उभी राहिली.

आता योग असा, की विहीणबाईंना नवी कवळी करायची होती, आणि ती व्याह्यांकडूनच करायची असं त्यांनी ठरवलं होतं. “घरचाच माणूस आहे, हसताना पडली तर धरता येईल,” असं त्या म्हणाल्या होत्या. ठरल्या दिवशी डॉक्टरांनी त्यांची जुनी कवळी वाटीत काढून ठेवली, माप घेण्यासाठी गुलाबी लगद्याने भरलेला ट्रे तोंडात बसवला, “लगदा घट्ट होईपर्यंत बोलायचं नाही हं बाई,” असं बजावलं आणि ते बाहेर दुसरा पेशंट बघायला गेले. ज्यांना उभ्या आयुष्यात कुणी गप्प केलं नव्हतं, त्या गप्प बसल्या.

नेमका तेव्हाच कवळीवाल्यांना बँकेतून फोन आला. ते पडद्याआड, विहीणबाई पडद्याअलीकडे. कवळीवाल्यांचा आवाज समोरच्यालाच नव्हे, तर मधल्या तारांनाही ऐकू जावा अशा बेताने लागायचा.

“हां साहेब, बोला... तोच तो, बोजा. एकदाचा उतरवून टाकायचाय... छे, छे, मुदत संपायची वाट कोण बघतंय? इतकी वर्षं वाहिला, आता पेलवत नाही... दंड पडला तरी चालेल हो! यंदा लग्नाचं निमित्त आहेच, त्यातच हाही उतरवू... नाही, भावनेचा काही प्रश्न नाही. एकदा कागदावरचं नाव निघालं, की मी तंगड्या पसरून झोपणार.”

पडद्याअलीकडे “अँऽऽ” असा आवाज आला. लगदा टाळ्याला लागला असेल, असं कवळीवाल्यांना वाटलं. माप निघाल्यावर ते हसतमुखाने बाहेर आले, तर विहीणबाई खुर्चीतून उठलेल्या. पुढचे दात अजून वाटीत होते.

“बोया?” त्या म्हणाल्या. “बोया म्हणता?”

“कसला बोया?”

“लाय वाटत नाही?”

काय वाटत नाही, ते कळायच्या आत विहीणबाईंनी वाटीतले दात उचलले, तोंडात बसवले आणि काही न बोलता लिफ्टकडे निघून गेल्या. बोलता येत असून न बोलणं हे त्यांच्या बाबतीत नवीन होतं. कवळीवाले जरा चरकले, पण कवळीला हात घातला की जग विसरायची त्यांची सवय. ते विसरले.

संध्याकाळी घरी आले तर बायको दारातच उभी.

“काय बोललात त्यांना?”

“कुणाला?”

“विहीणबाईंचा फोन होता. म्हणाल्या, ज्या बापाला पोटची पोर बोजा वाटते त्याच्या पैशाने आमच्या माणसांना जेवायचं नाही. हॉल रद्द. आम्हालाही पंगत नको, तुम्हालाही नको. नोंदणी करू आणि पोरीला घेऊन जाऊ. फुलासारखी ठेवू म्हणाल्या. फुलासारखी! आपली!”

तेवढ्यात फूल घरात आलं, कोपरापर्यंत ग्रीस लावून. सगळं ऐकलं. बापाने घाम पुसत फोनची हकीगत सांगितली आणि ती जिन्यापर्यंत ऐकू जाईल इतकी हसली.

“बाबा, तुम्ही कमाल केलीत. सहा महिने आम्ही त्यांना तीनशेवरून अडीचशेवर आणायला धडपडतोय. तुम्ही एका फोनमध्ये शून्यावर आणलंत!”

“मी आत्ता जाऊन खुलासा करतो.”

“बसा खाली!” हे मायलेकी एकदम म्हणाल्या. बायकोचं गणित तोपर्यंत पुरं झालं होतं. “पंगत नाही म्हणजे माझं खातं मोकळं. तुमचं कर्ज आणि हिचं लग्न एकाच महिन्यात उरकतंय. तोंड तेवढं बंद ठेवा. तुमच्याच धंद्यात म्हणतात ना, लगदा घट्ट होईपर्यंत बोलायचं नाही?”

कवळीवाल्यांनी तोंड बंद ठेवलं. पण गावाचं तोंड कोण बंद ठेवणार? विहीणबाईंचा गोतावळा म्हणजे वडाच्या पारंब्या. जिथे जावं तिथे एक लोंबत असायची. औषधाच्या दुकानातली त्यांची मावसबहीण आता गोळ्या हातात न देता काउंटरवर आपटायची. पोस्टातला त्यांचा चुलतभाऊ म्हणाला, “तुमचं पार्सल आहे. जड आहे. पेलवेल ना?” एक म्हातारा गृहस्थ नव्या कवळीचं माप अर्धवट सोडून उठला आणि म्हणाला, “मला नातीच आहेत पाच. तुमच्या हातचे दात नकोत.” पाचवीला पुजल्यासारखी बदनामी मागे लागली. आयुष्यभर दुसऱ्यांचं तोंड सांभाळलेल्या माणसाला स्वतःचं तोंड दाखवायला जागा उरली नाही.

एके दिवशी दुपारी दवाखान्यातून ते थेट विहीणबाईंच्या दारात गेले. घरी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर दाराला बाहेरून कडी लागली असती.

“विहीणबाई, मला मुलगी बोजा नाही. घरावरचा बोजा म्हणत होतो मी. बँकेचा. कर्जाचा.”

विहीणबाईंनी चहाचा कप पुढे सरकवला. “बसा. मग?”

“मग म्हणजे?”

“अहो व्याही, मी जन्मभर भाषा शिकवली. बोजा घरावर असतो, जमिनीवर असतो. माणसाचं म्हणतात ते ओझं. हा फरक मी सातवीच्या पोरांना घोटून घोटून शिकवलाय आणि तुम्ही मला शिकवायला आलात?”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“चिडले होते खरी. लिफ्ट तळमजल्यावर पोचेपर्यंत.” विहीणबाईंनी चहाचा घोट घेतला. “खाली पोचल्यावर डोक्यात आलं, की दंड आणि मुदत हे शब्द मुलीला कोण लावतं? आणि त्याच्या पुढच्या क्षणी आलं, की देवा, सुटले! तीनशे माणसं काय मला हौस म्हणून हवी होती? एकाला बोलवावं तर दुसरा रुसतो, दुसऱ्याला बोलवावं तर त्याचे सासरचे. माझ्याही घरावर तुमचीच बँक बसलीये, व्याही. पंगत रद्द करायला मला एक वाईट माणूस हवा होता. तुम्ही आयते मिळालात.”

कवळीवाल्यांचा चहा थंड झाला. “आणि माझं नाव?”

“ते जरा खराब झालंय,” विहीणबाई मोकळेपणाने म्हणाल्या. “साफ करता येईल. आजच सगळ्यांना फोन करते, गैरसमज होता म्हणून सांगते. पण मग पंगत न देण्याचं कारणही गेलं. तीनशे पानं मांडावी लागतील. निम्मी तुमची.”

कवळीवाल्यांनी कपातली साय बोटाने बाजूला सारली. आपटलेल्या गोळ्या आठवल्या, पोस्टातलं पार्सल आठवलं, पाच नातींचा आजोबा आठवला. मग हॉलचं भाडं आठवलं.

“विहीणबाई,” शेवटी ते म्हणाले, “समजा आपण पंगत दिली. लोक काय म्हणतील?”

“भाजी खारट म्हणतील. बसायला जागा नव्हती म्हणतील. आमच्या मोठ्या जाऊबाई तर पाणी कोमट होतं म्हणतील.”

“म्हणजे तीनशे माणसं जेवून नावं ठेवणार.”

“ठेवणारच.”

“आणि आत्ता न जेवता ठेवतायत.” कवळीवाल्यांनी उरलेला चहा एका घोटात संपवला. “मग राहू द्या. ठेवू द्या त्यांना. फोन नका करू.”