गोंधळ न घालण्याचा करार

काउंटीच्या कोर्टात दुसऱ्या मजल्यावर सोमवारी सकाळी चाळीसेक माणसं बाकांवर बसलेली असत, आणि बहुतेकांवर आरोप एकच: शांतताभंग. कोणी बारच्या मागे भिंत भिजवलेली, कोणी जत्रेत मेहुण्याच्या थोबाडीत दिलेली. त्यांच्यात आर्लीन व्होग्ट चर्चला जायचा निळा कोट घालून बसली होती. छप्पन्न वर्षांत ती या इमारतीत गाडीच्या कागदांखेरीज कशासाठी आली नव्हती.

तिचा गुन्हा काय, तर ती ओरडली. ऑक्टोबरात तिचा जावई ड्वेन पिऊन आला आणि सहा वर्षांच्या टिलीला ओढून ट्रकमध्ये बसवायला लागला. आर्लीन रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि तिने त्याचा असा काही उद्धार केला, की समोरच्या हेल्गाबाईंनी पोलिसांना फोन लावला. पोलीस येईपर्यंत हा बाबा किल्ली खिशात घालून, अगदी गरीब गाय होऊन ट्रकच्या पायरीवर बसलेला. ओरडत होती ती एकटी आर्लीन. घ्या, समन्स तिच्याच हातात.

टिलीची आई, म्हणजे आर्लीनची लेक, दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून पोर आजीकडे होती, पण ताबा तात्पुरता. कायमचा कोणाकडे, हे एप्रिलमध्ये ठरायचं होतं. तोवर बापाने मुलीला भेटायचं, न्यायचं, ते आजी आणि बाप दोघांच्या संमतीने, असं कागदावर होतं. आर्लीनला या जगात दुसरं काही नको होतं, फक्त ती पोर हवी होती.

सरकारने दिलेला तिचा वकील ग्रेडी काखेत फायलींचा गठ्ठा घेऊन आला. "मिसेस व्होग्ट, बोललोय मी समोरच्या सरकारी वकिलांशी. खटला लढवायचा तर मार्च उजाडेल, हेल्गाबाई साक्षीला येतील. गुन्हा कबूल केलात तर दंड भरून घरी, पण नोंद राहते."

"आणि एप्रिलमधल्या जजसाहेबांना ती नोंद दिसणार."

"दिसणारच. म्हणून तिसरा रस्ता. आज कबुली द्यायची, पण जज ती बाजूला ठेवतील. सहा महिने तुमच्याविरुद्ध एकही तक्रार आली नाही की फाईल बंद. आपल्याकडे सगळे हेच करतात."

"आणि तक्रार आली तर?"

"तर कबुली आहेच. तेव्हा काही सिद्ध करावं लागत नाही." त्याने घड्याळ पाहिलं. "सहा महिने शांत राहायचं, बस. त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं! त्याला रोज अशा वीस सह्या घ्यायच्या असत. आर्लीनने सही केली. जजसमोर तिचं काम दोन मिनिटांत आटोपलं, त्यातलं एक मिनिट आडनाव नीट उच्चारण्यात गेलं.

बाहेर पडताना ड्वेनने तिच्यासाठी दार धरलं. तो दाढी करून आला होता. "कशी आहेस, सासूबाई? सगळं ऐकलं मी मागे बसून," तो हळू आवाजात म्हणाला. "सहा महिने म्हणजे फार झाले गं. तुझ्यासारखीला तर फारच."

आर्लीन कोटाची बटणं लावत पायऱ्या उतरली.

त्या हिवाळ्यात ती दबक्या पावलांनी जगली. हेल्गाबाईंचा कुत्रा अंगणात घाण करून गेला, ती गप्प. दुकानात कोणी पुढे घुसलं, ती गप्प. टिली एकदा म्हणाली, "आजी, तुझा घसा बसलाय का?" तेव्हा ती हसली, आणि मग न्हाणीघरात जाऊन रडली. ड्वेनचा ट्रक दर दोन-चार दिवसांनी रस्त्याच्या टोकाला येऊन थांबायचा. उतरायचं नाही, हाक मारायची नाही, नुसतं इंजिन चालू ठेवून बसायचं. पोलिसांत जावं तर जाणार काय सांगून? रस्ता सगळ्यांचा होता.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी शाळेची बस वळली आणि ट्रक सरळ दाराशी आला. टिली बर्फातून चालत होती. ड्वेनने तिचं दप्तर उचललं, तिला उचललं आणि सीटवर बसवलं.

"नको, ड्वेन," आर्लीन पायऱ्या उतरत म्हणाली. "मी हो म्हटलेलं नाही."

"मग ओरड ना." तो पट्टा लावत म्हणाला. "ओरड, सगळ्या गल्लीला कळू दे."

समोर हेल्गाबाई खिडकीत होत्या. आर्लीनने तोंड उघडलं आणि तिला कोर्टातला तो कागद दिसला, खालची स्वतःची सही दिसली. एक आरोळी, एक फोन, आणि एप्रिलमध्ये पोर हातची जाणार. तिने ओठ आवळले. टिली काचेतून आजीकडे बघत होती, आजी आता काहीतरी करील म्हणून वाट बघत होती. ट्रक गेला.

आर्लीनने फोन केल्यावर डेप्युटी, म्हणजे काउंटीचा पोलीस, तासाभराने आला. मुलगी तोवर राज्याबाहेर पोचली होती. ड्वेनने स्वतःच पोलिसांना फोन करून तसं कळवलं होतं, फार नम्रपणे. आजीनेच पाठवली म्हणाला.

"तुम्ही नाही म्हणालात?" डेप्युटीने विचारलं.

"म्हणाले."

"किती मोठ्याने?"

आर्लीनने समोरच्या खिडकीकडे पाहिलं.

"समोरच्या बाई सांगतात, काहीच आवाज नव्हता. शांतपणे निरोप दिलात असं वाटलं त्यांना." त्याने वही मिटली. त्यालाही वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. "हे आता एप्रिलमध्ये जजसाहेबांना सांगा, मॅडम. मला यात काही करता येत नाही."

तो गाडीत बसून निघाला. आर्लीन रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि तिने टिलीच्या नावाने जीव खाऊन हाक मारली. मग दुसरी, मग तिसरी. हेल्गाबाई खिडकीपासून बाजूला झाल्या आणि त्यांनी फोन उचलला. डेप्युटीची गाडी अजून कोपऱ्यापर्यंतही गेली नव्हती. तिचे मागचे लाल दिवे लागले, आणि गाडी परत वळली.