सलोनीचं दूध

"आप्पासाहेब, मागच्या पायांपास्नं लांब ऱ्हावा. वरातीत गरीब असंल, पर आत्ता लेकरू गेलंय तिचं."

"वैजनाथ, घोडी काय असते ते आता तू मला शिकव," आप्पासाहेब म्हणाले. पण सरकले.

फार्मच्या ऑफिसात काम करणारी तनुजा तबेल्याच्या दाराशी उभी होती. ज्यांची शिंगरं घ्यायला देशभरातले रेसवाले पुण्याबाहेरच्या या स्टड फार्मवर वाकून येत, ते आप्पासाहेब आज गवतात गुडघे टेकून बसले होते. त्यांची सर्वांत नावाजलेली घोडी काल विताना गेली. मागे राहिलेलं शिंगरू बाटलीला तोंड लावेना. वरातींना घोडी भाड्यानं देणाऱ्या वैजनाथच्या सलोनीचं शिंगरू मात्र मेलेलंच जन्मलेलं. म्हणून तिला टेम्पोतून आणली होती, आणि तिच्या मेल्या शिंगराचं कातडं या जित्याच्या पाठीवर सुतळीनं बांधलं होतं. वासाला फसली तर पाजेल; नाही तर एका लाथेत सगळं संपलं.

बाळंतपणाची रजा संपून तनुजा परवाच कामावर आली होती. कोथरूडला सासूबाईंच्या मांडीवर तिचा तान्हा समर्थही बाटली थुंकून टाकत होता. शिंगरू केविलवाणं खिंकाळलं आणि तिला पान्हा फुटला. तिनं ओढणी छातीशी घट्ट धरली.

सलोनीनं कातडं हुंगलं. फुरफुरली. शिंगरू लटपटत तिच्या पोटाकडे वळलं, आणि तेवढ्यात सुतळी सुटली. कातडं घसरून तिच्या पुढ्यात पडलं.

"ओढून घे ते," आप्पासाहेब कुजबुजले.

"नगं. आता बघितलंय तिनं."

सलोनीनं मान खाली घातली. कातडं हुंगलं. मग मान वळवून शिंगराला हुंगलं. तिचे कान मागे पडले. आप्पासाहेबांनी दोन्ही हात पुढे केले. शिंगराला ओढायला की घोडीपुढे जोडायला, हे तनुजाला कळेना.

"समजलं रे तिला," ते म्हणाले.

"व्हय. समजलं."

सलोनीचा मागचा पाय उचलला गेला. तनुजानं डोळे मिटले.

आवाज आला तो चुपचुप दूध ओढण्याचा. तिनं पाहिलं, तर सलोनीनं तो पाय मागे घेऊन टेकवला होता; शिंगराला वाट करून दिली होती. आप्पासाहेबांनी डोक्यावरची टोपी काढली होती.

शिंगरू पीत राहिलं. आणि सलोनी, जागची न हलता, मान लांबवून पुढ्यातलं ते कातडं चाटत राहिली.